बाबांना शेवटी सगळं माफ, आणि आई अजून घाबरलेली. मग देवाजवळ जायचं तरी कसं?

अंगणवाडीवाली (यवतमाळ जिल्हा)

सगळ्यांना जय ख्रिस्त.

आमचं घर आजोबांपासून ख्रिस्ती. गावात आमची चार-पाचच घरं, रविवारच्या भक्तीला तालुक्याच्या चर्चला जावं लागतं. हे आधी सांगते, कारण कुणी मला पहिल्यापासून शिकवायला बसू नये. ‘देवानं जगावर एवढी प्रीती केली’ हे योहान 3:16 मला लहानपणापासून पाठ आहे. माझा प्रश्न वेगळा आहे.

माझे वडील अंथरुणाला खिळलेत. लिव्हर गेलं. पोटात पाणी भरतं, यवतमाळला मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) नेऊन काढून आणलं की थोड्याच दिवसांत पोट पुन्हा तट्ट. आयुष्यभर दारू. पाच एकर कोरडवाहू होतं, त्यातलं दोन एकर दारूपायी गेलं. आईच्या गळ्यातलं गेलं, कानातलं गेलं. मारहाण तर नेहमीचीच. मी आणि भाऊ शिकलो ते आईच्या मजुरीवर. कापूस वेचून वेचून तिच्या बोटांना बोंडाची टोकं लागायची, भेगा पडायच्या, आणि रात्री त्याच हातांनी ती भाकरी थापायची. पिठातलं मीठ भेगेत गेलं की एकदम हात झटकायची. पण बोलायची काही नाही.

मागच्या महिन्यात चर्चचे पाळकसाहेब घरी आले, प्रार्थना केली. बाबा ढसाढसा रडले. ‘प्रभू, माह्यावर दया कर,’ एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून माणूस शांत झोपतो. येईल त्याला सांगतो, ‘देवानं मले माफ केलं, आता मले मरणाचं भेव नाही.’ चर्चच्या मंडळीतले लोक येतात, पेटी-तबला घेऊन खाटेशेजारी भजनं म्हणतात. सगळ्यांना आनंद.

आणि आई? तिनं लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीचे, उपास कधी चुकवले नाहीत. मजुरीच्या पैशातूनसुद्धा दशांश, म्हणजे देवासाठीचा दहावा भाग, वेगळा काढून रुमालात बांधून ठेवायची. ती आता रात्री उठून बसते आणि मला विचारते, ‘माह्यं कसं होईन वं? देव घेईन का मले?’

मला बाबांचा राग येतो. त्यांनी आईला अजून एक शब्द विचारलेला नाही, आणि देवाकडून परस्पर माफी मिळवून मोकळे झाले. विश्वासानं, कृपेनं, म्हणजे न कमावता मिळालेल्या देवाच्या दयेनं, तारण होतं, माणूस पापातून सुटतो, असं आपण म्हणतो. मग आईनं जे केलं त्याला काही किंमत आहे की नाही? देवाजवळ जायचं म्हणजे माणसानं नेमकं करायचं तरी काय?

---

तेल्हाऱ्याचा भाऊ

ताई, बायबलमध्ये मत्तयच्या 20 व्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला काढा. मालक पहाटे मजूर लावतो, मग दिवस चढल्यावर, मग दुपारी, मग तिसऱ्या प्रहरी, आणि शेवटी दिवस मावळायला आला तेव्हा. संध्याकाळी सगळ्यांना सारखाच एक दिनार. पहाटेचे मजूर कुरकुर करतात की आम्ही दिवसभर उन्हात राबलो, आणि हे तासाभराचे आमच्या बरोबरीला कसे? मालक म्हणतो, तुमचं ठरलं होतं तेवढं दिलं, मी चांगला आहे हे तुम्हाला का सलतं?

तुमचे बाबा शेवटच्या तासाला आले. येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेला चोर तर त्याहून उशिरा, मरता मरता आला. प्रभूनं त्यालाही नाही म्हटलं नाही.

---

अंगणवाडीवाली

भाऊ, हा दाखला मला पाळकसाहेबांनीही सांगितला. पण त्यातले शेवटचे मजूर दिवसभर चौकात काम शोधत उभे होते. ‘आम्हाला कुणी कामावर लावलं नाही’ असं त्यांनी मालकाला सांगितलं. माझ्या बाबांना काम होतं, शेत होतं, घर होतं. ते पहाटेच्या मजुराची रोजी हिसकून पीत बसले होते. हा फरक मला कुणी समजावून सांगत नाही.

---

पायी शेगाव

मी ख्रिस्ती नाही, आमच्या घरी माळ आहे. तरी विचारतो, राग मानू नका. शरण जाणं आम्हालाही कळतं, कीर्तनात तेच ऐकत आलो. पण शेवटी ‘दया कर’ म्हटलं की सगळं धुऊन निघतं असं लोकांना कळलं, तर ते म्हणतील आज पिऊन घेऊ, मरताना पाहू. आमच्या गावात दारूबंदीसाठी बाया रस्त्यावर उतरल्या होत्या. त्यांच्यापुढं हे कसं सांगायचं?

---

सेमिनरीच्या गेटासमोरचा

दादा, हा प्रश्न येशूचा प्रेषित पौल यालाही लोकांनी विचारला होता. त्यानं रोमच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या 6 व्या अध्यायाची सुरुवातच तिथून होते. कृपा वाढावी म्हणून आपण पाप करत राहावं का? कधीच नाही, असं तो लगेच म्हणतो. याकोबानं तर उघड लिहिलं आहे की क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे.

माझं लहानपण यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरीच्या, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजच्या, आसपास गेलं. ती 1953 मध्ये तिथं सुरू झाली आणि 1983 मध्ये पुण्याला गेली. तिथल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून हा विषय मी खूप ऐकला. वाद जुना आहे. पाचव्या शतकात पेलाजियस नावाचा ख्रिस्ती शिक्षक म्हणाला, माणसानं मनावर घेतलं तर तो स्वतःच्या बळावर देवाची आज्ञा पाळू शकतो. बिशप ऑगस्टीन म्हणाला, नाही, देवाकडे वळावंसं वाटणं हीसुद्धा कृपाच. 418 मध्ये कार्थेजच्या परिषदेत पेलाजियसची शिकवण नाकारली गेली. मग 1517 पासून जर्मनीतला धर्मसुधारक मार्टिन लूथर आणि रोमन कॅथलिक चर्च यांच्यात याच मुद्द्यावरून फाटलं. आणि 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीत ऑग्सबर्गला लूथरन, म्हणजे लूथरच्या वाटेची चर्चं, आणि कॅथलिक, दोघांनी एका निवेदनावर सह्या केल्या. त्याचा गाभा असा की देव आपल्याला स्वीकारतो ते आपल्या कुठल्याही पुण्याईवर नाही, फक्त कृपेनं, ख्रिस्तावरच्या विश्वासानं; आणि तोच पवित्र आत्मा देऊन आपल्याला चांगल्या कामांसाठी उभं करतो. 2006 मध्ये मेथडिस्ट चर्चंही त्यात आली.

ताई, इफिसकरांस पत्रात 2:8 आणि 9 सगळे म्हणतात, 10 वं वचन गाळतात. तारण कर्मांनी नाही हे 9 मध्ये आहे. पण 10 मध्ये आहे की आपण सत्कर्मांसाठीच निर्माण केलेले आहोत. आधी कृपा, मागून कर्म. हा क्रम उलटा केला की सगळं बिघडतं.

---

जुनी सिस्टर (परतवाडा)

पोरी, तुझं लिहिणं मी दोनदा वाचलं. इथं सगळ्यांनी बरोबरच सांगितलं, पण तुझी आई रात्री उठून बसते, तिच्याबद्दल कुणी बोललं नाही. मी तिच्याबद्दल बोलते.

मी मिशनच्या दवाखान्यात नर्स होते, बरीच वर्षं कुष्ठरोगाच्या वार्डात. या रोगात पायाची संवेदना जाते. चपलेतून खिळा आत गेला तरी माणसाला कळत नाही, तो चालत राहतो, आणि जखम आतून कुजते. तेव्हा आमच्याकडे धारणीकडून एक म्हातारा यायचा. तो पाय उघडा कधी आणायचा नाही. यायच्या आधी नदीवर धुवायचा आणि स्वच्छ धुतलेलं फडकं घट्ट गुंडाळून यायचा. फडकं इतकं पांढरं की मी सोडायला लागले की त्यालाच वाईट वाटायचं. एकदा सोडलं तर आत अळ्या. बोटाच्या खाली खोल भोक पडलेलं. तो मान फिरवून बसला, म्हणाला, ‘बाई, तुमच्या हाताले घाण लागन म्हणून मी बांधून आणतो.’ मी त्याला सांगितलं, बाबा, बांधून नका आणू, आहे तसा आणा. धुवायचं काम माझं आहे.

मग आम्ही पाय पाण्यात भिजत ठेवला. जाड झालेली कातडी खरवडली, जखम साफ केली, पट्टी केली. हे रोज, कितीतरी दिवस. जखम भरल्यावर त्याला मऊ रबराची एमसीआर चप्पल दिली, आणि बजावलं की आता रोज संध्याकाळी पाय उलटा करून पाहायचा, तेल लावायचं, अनवाणी फिरायचं नाही. ते त्यानं नेमानं केलं. पण त्यानं चप्पल वापरली म्हणून आम्ही पाय धुतला नव्हता. पाय धुतला म्हणून त्याला चप्पल मिळाली.

तुझ्या बाबांनी फडकं सोडलं आहे. आत काय होतं ते देवाला दाखवलं, आणि त्यांच्याकडे गुंडाळायला चांगलं फडकंसुद्धा उरलेलं नव्हतं. तुझ्या आईकडे फडकं आहे. पांढरं, तिच्याच कष्टाचं. उपास, दशांश, भेगाळलेल्या हातांनी केलेली भक्ती. त्यातलं काही खोटं नाही, देवानं ते सगळं पाहिलं आहे. पण झोप उडते ती फडक्याखालच्या गोष्टीनं. काहीतरी आहे तिच्या मनात. काय ते मला माहीत नाही, कदाचित तुलाही नसेल.

आणि तुला राग येतो ना, की बाबांना फुकट मिळालं? राग राहू दे, मी तो काढायला आलेली नाही. फक्त एक गोष्ट बघ. देव जर हिशेब मांडून घेत असता, तर तुझ्या आईला आज झोप लागायला हवी होती. तिचा हिशेब गावात कुणाहीपेक्षा भारी आहे. तरी तिला धीर नाही. हिशेबानं धीर येतच नाही, मी मरणाच्या खाटेजवळ किती चांगली माणसं घाबरलेली पाहिली आहेत. बाबा ज्या दारानं गेले म्हणून तुला राग येतो, तेच दार तुझ्या आईसाठी उघडं आहे. ते तू बाबांच्या तोंडावर बंद केलंस तर आईलाही बाहेर राहावं लागेल. दुसरं दार नाही.

आता बाबांचं. देवानं माफ केलं म्हणजे आईचं देणं फिटलं, असं शास्त्र कुठंच सांगत नाही. लूक 19 मध्ये जक्कय आहे. जकातदारांचा मुख्य, लोकांना नाडून श्रीमंत झालेला. येशू त्याला झाडावरून खाली बोलावतो आणि म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. जक्कयानं तोवर एक पैसा परत केलेला नव्हता. कृपा आधी घरात आली. पण त्यानंतर तो उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. मग येशू म्हणाला, आज या घराला तारण मिळालं. तुझ्या बाबांकडे चौपट द्यायला काही नाही. दोन एकर परत येणार नाही. पण तोंड आहे. ज्या तोंडानं सगळ्या गावाला ‘देवानं मले माफ केलं’ सांगतात, त्याच तोंडानं आईपुढं सांगायचं की मी तुला मारलं, तुझे दागिने विकले, तुझी मजुरी प्यालो. एकेक नाव घेऊन. ‘काही चुकलं असंल तर माफ कर’ असं मोघम नाही.

हे त्यांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. पाळकसाहेबांना सांग, ते त्यांचं काम आहे. मत्तय 5:23 मध्ये प्रभू म्हणतो की वेदीशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर.

---

अंगणवाडीवाली

सिस्टर, तुम्ही म्हणालात काहीतरी आहे तिच्या मनात. रात्री मी तिच्याजवळ झोपले आणि विचारलं. खूप वेळ काही बोलली नाही. मग सांगितलं.

मी सहावी-सातवीत असतानाची गोष्ट. बाबांनी भावाला मारलं होतं, त्याचं डोकं फुटलं होतं. त्या रात्री आईनं चुलीजवळ गुडघे टेकून देवाला सांगितलं, ह्याले उचलून ने. मरू दे ह्याले. आणि पहिल्यांदा तिला प्रार्थना केल्यावर बरं वाटलं. तेव्हापासून ती प्रभुभोजन घेत नाही. मला आठवतं, भाकर आणि द्राक्षरस फिरायला लागला की ती बाकावरून उठून लहान लेकरांना बाहेर घेऊन जायची. आम्हाला वाटायचं लेकरं रडतात म्हणून. आता बाबा खरंच मरायला टेकलेत, आणि ती म्हणते, ‘माह्यीच प्रार्थना लागली त्याहिले. मी खुनी हावो.’

दारूनं लिव्हर गेलं हे मी तिला समजावलं. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. ऐकत नाही. मी काय करू?

---

जुनी सिस्टर (परतवाडा)

आधी तिच्याजवळ बसून स्तोत्र 109 मोठ्यानं वाच. पूर्ण वाच, मधलं गाळू नको. त्यात स्तोत्रकर्ता शत्रूबद्दल म्हणतो, त्याचे दिवस थोडे होवोत, त्याची बायको विधवा होवो. स्तोत्र 55 मध्येही आहे, मरण त्यांना गाठो. तिला दाखव की तिची ती रात्रीची प्रार्थना शास्त्रात लिहिलेली आहे. मार खाल्लेल्या माणसांनी ती देवाजवळ केली, आणि देवानं ती फाडून टाकली नाही, आपल्या पुस्तकात ठेवली. ती वाचताना तुझी आई रडेल. रडू दे.

तिनं काय केलं ते नीट बघ. तिनं विळा उचलला नाही, जेवणात काही कालवलं नाही. संताप होता तो घेऊन ती देवाकडे गेली. एवढी वर्षं ती समजते की त्या रात्री ती देवापासून तुटली. मला वाटतं त्या रात्रीइतकी खरी प्रार्थना तिनं त्याआधी केली नसेल. त्यात पाप होतं का? मनातल्या रागालाही प्रभू हलकं समजत नाही, म्हणून मी नाही म्हणणार नाही. पण पाप असेल तर त्याच्यासाठीच तर ख्रिस्त मेला. आपण पापी असतानाच तो आपल्यासाठी मेला, असं पौल रोमकरांस लिहितो. सुधारल्यावर नाही. हे वाक्य तुझ्या बाबांना लागू करून तू चिडलीस, आता ते आईला लागू करून बघ.

तिला वाटत असेल की माझ्यात विश्वासच नाही, नाहीतर एवढं भ्यायले नसते. मार्क 5 मधल्या बाईची गोष्ट तिला सांग, तिला माहीत असेलच. बारा वर्षांचा रक्तस्राव, वैद्यांकडे सगळा पैसा गेलेला. ती येशूसमोर आली नाही, गर्दीतून मागून येऊन नुसतं वस्त्राला शिवली. येशूनं विचारलं कोण शिवलं, तेव्हा ती भीत, थरथर कापत आली आणि सगळं खरं सांगितलं. त्यावर तो तिला ‘मुली’ म्हणाला, आणि तुझ्या विश्वासानं तुला बरं केलं म्हणाला. थरथर कापणाऱ्या हातालाच त्यानं विश्वास म्हटलं. त्याहून मोठा विश्वास तुझ्या आईकडे कुणी मागितलेला नाही.

प्रभुभोजनाचं तिला जबरदस्तीनं सांगू नको. पाळकसाहेबांना घरी बोलव, आणि जे तुला सांगितलं ते तिनं एकदा त्यांच्यापुढं सांगावं. मंडळीपुढं मुळीच नको, मंडळीला त्याच्याशी काही करायचं नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल म्हणतो, माणसानं स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी. परीक्षा करून दूर राहावं असं तो म्हणत नाही. तिची परीक्षा तर कधीच होऊन गेली.

आणि बाबा तिच्यापुढं बोलले तरी तिनं लगेच माफ केलं पाहिजे असं तिला कुणी म्हणू नये, तूही नाही, मंडळीतल्या बायांनी तर अजिबात नाही. तिचा वेळ तिचा आहे.

---

पायी शेगाव

सिस्टर, मी गावात दारूबंदीचं विचारलं होतं. जक्कयाचं जे सांगितलं ते मी आमच्याकडच्या बायांना सांगीन. एकेक नाव घेऊन सांगायचं, हे आमच्याकडच्या माणसांनाही जड जाईल.

---

अंगणवाडीवाली

स्तोत्र वाचलं. मधेच आईनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः वाचत बसली. मी काही बोलले नाही.

पाळकसाहेबांशी फोनवर बोलले. ते शनिवारी येतो म्हणाले, आणि बाबांशी मी एकटा आधी बोलतो म्हणाले. पण एक अडचण आहे. बाबा आजकाल कधी कधी बरळतात. काल मला माझ्या आत्याच्या नावानं हाक मारली. दिवसा झोपतात, रात्री जागतात. शनिवारी ते शुद्धीत नसले तर?

---

जुनी सिस्टर (परतवाडा)

शनिवारपर्यंत थांबू नको, पाळकसाहेबांना उद्याच यायला सांग. लिव्हर गेलं की रक्तातली घाण मेंदूवर चढते, हे त्याचंच लक्षण आहे. आधी झोप उलटी होते, मग माणसं ओळखू येत नाहीत, पुढं गुंगी येते. शौचाला साफ होत नसेल तर ते लवकर वाढतं. डॉक्टरांनी पोट साफ व्हायचं गोड सिरप दिलं असेल, ते चुकवू नको, दिवसातून दोन-तीनदा शौचाला व्हायला हवं. होत नसेल, किंवा उलटीत रक्त दिसलं, किंवा शौच डांबरासारखं काळं झालं, तर प्रार्थनेला थांबू नको, गाडी कर आणि मेडिकलला ने. झोपेची गोळी कुणी दिली तरी देऊ नको.

बोलायचं ते सकाळी, अंग पुसून, दोन घोट चहा पोटात गेल्यावर. तेव्हा डोकं जास्त ठिकाणावर असतं. खोलीत भजनी मंडळ नको. पाळकसाहेब, बाबा आणि आई. आई तयार नसेल तर तिला दाराजवळ बसू दे, ऐकू येईल एवढ्या अंतरावर. तू बाहेर थांब.